पालथी झोप
कपाट आवरताना बाबा आजारपणात हुंगायचे ती कापूर-ओव्याची पुरचुंडी सापडली आणि तो वास येताच कोरोनातला महाडचा वॉर्ड आठवला. बाबांना ऑक्सिजन लावलेला, चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टर म्हणाले, पालथे झोपा, श्वासाला बरं पडेल. पण ते ऐकेनात. पोलादपूरच्या आमच्या वाडीत पालथं झोपणं अशुभ. लहानपणी मी झोपेत तशी दिसले की बाबाच मला हळूच सरळ करायचे, "पालथं नाय झोपायचं गो." मला आत सोडत नव्हते, म्हणून शेवटी नर्सने त्यांच्या कानाला फोन लावला आणि मी त्यांना दटावलं. "तू सांगतेस म्हणून हां," म्हणत ते वळले, आणि भर दुपारी घोरायला लागले. मी फोन ठेवलाच नाही. बाबा बरे होऊन घरी आले, आणखी दोन वर्षं होते. हल्ली कधीकधी मी मुद्दाम पालथी झोपते; जाग येते तेव्हाही पालथीच असते.