पाणी दाखवणारा तेलवाला

गावात माझं नाव झालं ते एका फणसाच्या सावलीमुळे. त्यात माझं कर्तृत्व एवढंच की ऊन लागत होतं म्हणून मी त्या सावलीत उभा राहिलो.

मी समुद्रात तेल काढणाऱ्या रिगवर काम करतो. चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी, कडावजवळच्या आमच्या गावात. रिगवर माझं काम म्हणजे समुद्राच्या तळात जाणारे पाइप एकाला एक जोडायचे आणि वर काढताना सोडवायचे. भोक कुठं पाडायचं हे ठरवणारे साहेब मुंबईत बसतात. त्यांचा माझा संबंध एवढाच की त्यांचं चुकलं तरी पाइप मलाच जोडावे लागतात.

पण हे गावाला कोण सांगणार? काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, परसात बोअर मारायची होती. त्याने मला हाक मारली आणि विचारलं, "तू तर समुद्रातनं तेल काढतोस, जरा बघ रं कुठं मारू." दुपारची वेळ होती, घरी ताट वाढलेलं होतं. मी फणसाखाली उभा होतो. तिथंच पाय आपटला आणि म्हणालो, इथं मार. आणि लागलं की पाणी! पुढच्या वर्षी दुसऱ्या एकाने मला नेलं. त्याचं घर नदीला एवढं लागून की तिथं पाणी न लागायलाच अक्कल लागली असती. तिसऱ्या ठिकाणी मात्र नुसती धूळ उडाली. मी तोंड लपवून ड्यूटीवर पळालो. परत येतो तर गावात बोलणं असं, की मी जागा बरोबर सांगितली होती, मशीनवाल्यानेच एक हात उजवीकडं मारलं. हे कुठून निघालं मला कळेना. पण चालून आलेला मान कोण परत पाठवतो? मीही मान डोलावली.

त्यानंतर लोक घरी यायला लागले. बहुतेक वेळा मी नसायचोच. मग माझी बायको ओटीवर येऊन एका विशिष्ट सुरात सांगायची, "ते घरी नायत. ड्यूटीवर गेलेत. काय काम होतं?" तालुक्याचे साहेब दौऱ्यावर गेल्यावर त्यांचा शिपाई सांगतो तसं. ती लोकांची नावं लिहून ठेवायची आणि मी आलो की यादी हातात द्यायची. मीही चष्मा लावून ती वाचायचो. दुसऱ्याच्या परसात पाय आपटायला आपलं काय जातं?

यंदा पाळी आमच्याच परसावर आली.

आमच्याकडे दोन म्हशी आहेत. थोरली बायकोच्या माहेरून, खालापूरच्या बाजूच्या गावातून पारडी म्हणून आली. धाकटी तिच्याच पोटची. मी घरी असलो काय, नसलो काय, या दोघी कायम हजर, त्यामुळे घरातला त्यांचा दर्जा माझ्यापेक्षा वरचा आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाण्याचं अवघड झालं. वरच्या अंगाला फार्महाऊसं झाली, त्यांच्या हिरवळीवर भर उन्हात फवारे उडतात, आणि आमची विहीर होळीलाच तळ दाखवते. नळ दिवसाआड येतो, तोही लाजत. माणसं कशीबशी भागवतात, म्हशी कशा भागवतील? बायको पाणवठ्यावरून हंडे आणून त्यांना पाजते. किती खेपा होतात ते ती सांगत नाही, तिची कंबर सांगते. आणि मी तिकडे रिगवर, भर समुद्रात, गोड्या पाण्याच्या फवाऱ्याखाली हवा तेवढा वेळ उभा राहून अंघोळ करतो. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती तिथं अंघोळ करतानाच जास्त वाटते.

शेवटी ठरलं की एक बोअर मारायची. एकच, दुसरी झेपणारी नव्हती. पाणी लागलं तर म्हशी राहतील, नाही लागलं तर जातील. खालापूरकडचा एक व्यापारी म्हशी बघून गेला होता, शनिवारी टेंपो घेऊन येणार होता. मशीन गुरुवारचं मिळालं.

मी सोमवारी घरी आलो. आल्या आल्या बायको म्हणाली, तुमी दाखवाल तिथं. एवढंच, आणि भाकऱ्या थापायला बसली. मंगळवारभर मी हात पाठीमागे बांधून परसात फिरलो. कुंपणापलीकडून दादा आणि दोघं-चौघं गंभीरपणे बघत होते. मी कुठं वाकलो की तेही वाकून बघायचे. एकदा मी पायातला काटा काढायला खाली बसलो तर दादाने तिथं दगड ठेवून खूण करून टाकली.

बुधवारी संध्याकाळी मला राहवेना. ती गोठ्यात थोरलीची धार काढत होती. मी खांबाला टेकलो आणि सांगून टाकलं, "मला काय कळत नाय गं जमिनीतलं. मी तिथं नुसते पाइप जोडतो."

धारेचा आवाज थांबला नाही.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

कधीपासून, असं मी विचारलं. म्हणाली, लग्न झालं त्या वर्षापासून. तुम्हाला कपाटाची चावी सापडत नाही, पाणी कुठून सापडणार?

आता मला राग आला. माहीत होतं तर याद्या कशाला केल्या? आणि मग एकाएकी डोक्यात उजेड पडला. ते एक हात उजवीकडचं गावात कोणी सोडलं होतं ते मला कळलं. मी विचारलं तेव्हा ती मान खाली घालून हसली. मग हसू आवरून, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवूनच बोलली.

"तुमी महिन्यातलं अर्धं दिस घरी नसता. बांध कोरणारा असूं दे, नायतर मीटर बघणारा, आदी बघतो घरात बाप्या हाय का. मंग म्या म्हटलं, माणूस नसला तर नसला. त्याचं नाव तरी दारात असूं दे."

इतकी वर्षं मी समजत होतो की मी लांब राहून घर सांभाळतोय. माझ्या नावाला दारात उभं करून घर ती सांभाळत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी गोमाशा उडवायचं निमित्त केलं.

मग मी विचारलं, आता काय करायचं? तिने चरवी बाजूला ठेवली आणि म्हणाली, थोरलीला विचारा. मला वाटलं चेष्टा करतेय. पण नाही. भर उन्हाळ्यात थोरली दावं तोडून एकाच ठिकाणी जाऊन बसते, उकिरड्याच्या मागं, उंबराखाली. तिथली हरळी मे महिन्यातसुद्धा पिवळी पडत नाही. बायको लग्न होऊन आल्यापासून हे बघत होती. मी त्या बाजूला कधी गेलोच नव्हतो, कारण तिथं उकिरडा आहे. आमचे मुंबईचे साहेब हे ऐकतील तर हसतील. पण त्यांनी कधी म्हैस पाळलेली नाही.

गुरुवारी मशीन आलं. दादाच्या आग्रहावरून मी रिगवरचा जुना लाल डगला चढवला, म्हणजे मशीनवाल्यावर वजन पडेल. सगळ्यांसमोर उंबराखाली गेलो आणि पाय आपटला. लोकांनी माना डोलावल्या. बायको गोठ्याच्या दारात उभी होती, तिनेही सगळ्यांबरोबर मान डोलावली.

मशीन सुरू झालं. एक रॉड पूर्ण आत गेला की मी वर आलेल्या भुकटीतली मूठभर उचलायचो आणि पळसाच्या पानावर ठेवायचो, पानं ओळीने मांडून. आमच्या रिगवर दगडाचे जाणकार साहेब असंच करतात, खोलीप्रमाणे नमुने मांडतात आणि भिंगातून बघतात. मी वर्षानुवर्षं त्यांच्या मागून पाइप घेऊन गेलोय. पण माझी पानं बघण्यासारखी नव्हती. पहिल्यावर राखाडी भुकटी, दुसऱ्यावर राखाडी, दहाव्यावरही राखाडी, कोरडी ठणठणीत. पांढरी धूळ उंबरावर बसली, माझ्या मिशांवर बसली. कुंपणावरची माणसं एकेक करून कामं आठवून गेली. दादा मोबाइलमध्ये बघायला लागला.

ठरलेली खोली झाली तसा फोरमन मशीन बंद करायला निघाला. लांब दक्षिणेकडचा माणूस, मोडक्या हिंदीत म्हणाला, नीचे सब पत्थर है. मी शेवटच्या पानाकडे बघितलं. भुकटी किंचित तांबूस होती. चिमटीत दाबली तर चिकटली. आमचे साहेब एकमेकांना नेहमी सांगतात की दगडाने रंग बदलला की थांबायचं नसतं, तो कशात बदलतोय ते बघायचं असतं. ते मला कधीच सांगत नव्हते, पण मला कान आहेत. मी फोरमनला म्हणालो, "दो रॉड और." तो नाही म्हणाला. मग मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या आवाजात तेच परत म्हणालो. डगल्याचा गुण असावा, त्याने रॉड लावला.

पहिला रॉड तांबडी धूळ काढत गेला. दुसरा अर्ध्यावर असताना मशीनचा आवाज बदलला, धूळ थांबली, आणि चिखलाची एक पिचकारी थेट माझ्या तोंडावर आली. मागोमाग पाणी. कामं आठवून गेलेली माणसं ती अर्धवट सोडून धावत आली आणि दादाने मला मिठी मारली. बायको आली नाही. तिने आमच्या मुलीच्या हाती बादली पाठवली, पहिलं गढूळ पाणी निवळू दिलं आणि थोरलीपुढे ठेवलं. म्हैस पिऊन होईपर्यंत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि रडत होती.

शनिवारी व्यापारी टेंपो घेऊन आला. म्हशी नाही मिळणार म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं केलं. पण बोअर बघून आला, चहा प्याला आणि हळूच म्हणाला की त्याच्याही गोठ्यावर पाण्याची बोंब आहे, मी एकदा येऊन जागा दाखवावी. ओटीवर सात-आठ माणसं होती. बायको कपबशा उचलत होती.

"जागा ती बघते," मी म्हणालो. "आमची बी तिनंच दाखवली. मी नुसते पाइप जोडतो."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता कपबशी येते. मग तिने पदर सावरला, व्यापाऱ्याकडे वळली आणि विचारलं, "तुमच्या म्हशी उन्हाच्या कुठं बसतात?"

पुढच्या फेरीला रिगवर गेल्यावर मी नेहमीप्रमाणे शिफ्ट संपवून घरी फोन लावला. चार वेळा वाजला. पाचव्यांदा मुलीने उचलला, अगदी आईच्या सुरात.

"आई घरी नाय. जागा बघाया गेलीय. काय काम होतं?"