निळ्या मण्याची शिट्टी

देवाशी माझं बोलणं म्हणजे बाजारातली घासाघीस. मी तुला हे देते, तू मला ते दे. त्यातही बोलायची मीच, तो आपला गप्प. आमचे मालक हयात असताना चिडवायचे, "अगं, मधे एकदा श्वास तरी घे, म्हणजे त्याला हो-नाही म्हणता येईल." ते गेले, पण माझं तोंड काही थांबलं नाही. माझी नात रेवा सातव्याच महिन्यात जन्मली आणि पुण्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा त्या काचेला नाक लावून मी नवस बोलले. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ता, पोर धडधाकट होऊ दे, तुझ्या जयंतीला तुझ्या दारात गुळाने तिची तुला करीन.

पोर धडधाकट झाली. दीड वर्षाची होईतो घर डोक्यावर घ्यायला लागली. माझी सून मृणाल एकदा सहज म्हणाली, "आई, डॉक्टरांनी जिवाचं रान केलं हो." तेही खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या मनात किडा वळवळायला लागला. इतकी वर्षं आपण बडबड करतो, ती पलीकडे कुणी ऐकतं की आपण भिंतीशीच बोलतो? कुणाला सांगितलं नाही. नवस मात्र फेडायचाच होता. या वर्षी दत्तजयंती नेमकी शनिवारी आली, तशी मुलगा प्रशांत आणि मृणाल रेवाला घेऊन गावी आले. आमचं गाव तापीकाठीच, सारंगखेड्यापासून जवळ.

शनिवारी सकाळी आम्ही यात्रेला निघालो. घोडेबाजार असा फुलला होता की माणसं जास्त की घोडी, सांगता येईना. रेवा प्रत्येक घोडीला "भूभू" म्हणत होती. एका पांढऱ्याशुभ्र घोडीपाशी तर ती हलेचना. त्या घोडीचं नाव चांदणी. मालक शिरपूरकडचा, मोठ्या मिशांचा, तोंडाने अहिराणी आणि मनाने मोकळा. चांदणीच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून जाड्या निळ्या मण्यांची माळ होती. आमच्याकडे घोडीचा मणी पोराला बांधला तर पोराला नजर लागत नाही, असं जुन्या बायका मानतात. मी त्याच्याकडे एक मणी मागितला.

"एकच कसाले, माय? आख्खी माळ लई जा!" तो हसून म्हणाला आणि माळेतला एक मणी सोडवून त्याने माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो काळ्या दोऱ्यात ओवून रेवाच्या मनगटाला बांधला. "घट्ट नको हं आई," मृणाल म्हणाली, म्हणून जरा सैलच ठेवला. नाहीतरी पोरीच्या दाढा येत होत्या, हाताला लागेल ते तोंडात जायचं. हे मला दिसत होतं आणि तरीही मी बांधला, कारण दृष्ट दिसत नाही आणि दात दिसतात, तर भीती न दिसणाऱ्याचीच जास्त.

तुलेच्या रांगेत उभे असताना रेवाला जोराचा ठसका लागला. चेहरा लाल झाला, मग ओठ काळपट पडले. मृणालने तिला उपडी धरून पाठीवर थापट्या मारल्या. पोरीने कसाबसा श्वास ओढला आणि त्या श्वासाबरोबर तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजली. पुन्हा श्वास, पुन्हा शिट्टी. मी तिचा हात धरून पाहिला. काळा दोरा चावून तुटला होता आणि त्यात मणी नव्हता. नजरेपासून वाचवायला बांधलेला मणी माझ्या नातीच्या श्वासनळीत जाऊन बसला होता.

प्रशांतने गाडी काढली, पण जायचं कुठून? यात्रेचा रस्ता म्हणजे ट्रॅक्टर, जीपगाड्या, बैलगाड्या, पाळण्यात बसायला निघालेली पोरंटोरं. हॉर्नला कोण विचारतो? मी खिडकीतून हात जोडत ओरडत होते. तेवढ्यात तोच मिशीवाला चांदणीला घेऊन समोर आला.

"काय व्हयनं, माय?"

मी सांगितलं. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. खोगीर घालायला थांबला नाही. चांदणीच्या पाठीवर टांग टाकली आणि म्हणाला, "गाडी मन्हा मांगे मांगे लई या." मग गर्दीकडे तोंड करून खच्चून ओरडला, "वाट द्या रे भो! पोर शे गाडीमा!"

थोडं अंतर बरं गेलं. पुढे वळणावर एका मंडपाबाहेर ढोल वाजत होता. आता, यात्रेतल्या घोड्यांना ढोलावर नाचायला शिकवलेलं असतं, हे मला माहीत होतं. चांदणीलाही शिकवलेलं होतं. ढोल कानावर पडला आणि भर रस्त्यात ती बया नाचायला लागली! पुढचे पाय उचलून, मान वेळावून, ठेक्यावर. मी कपाळावर हात मारला. देवा, मागितलं काय आणि दिलंस काय! मालक लगाम ओढतोय, टाचा मारतोय, पण घोडी ऐकेना.

पण मग गर्दीने ते केलं जे आपल्याकडची गर्दी नाचणारी घोडी दिसली की करतेच. लोक झटकन दोन्ही बाजूंना सरले आणि मधली जागा मोकळी करून बघत उभे राहिले. हॉर्नने जे झालं नाही, ओरडून जे झालं नाही, ते तिच्या पायांनी झालं. मालकाच्या ते चटकन ध्यानात आलं. त्याने लगाम ढिला सोडला आणि तिला नाचवत नाचवतच पुढे नेलं. ढोलवाल्याला काय वाटलं कोण जाणे, तोही वाजवत मागून चालू लागला. पुढे नाचणारी पांढरी घोडी, मागे ढोल आणि त्याच्या मागे आमची गाडी, एखाद्या नवरदेवाची वरात निघावी तशी. प्रशांत स्टिअरिंग धरून रडत होता आणि रडता रडता त्याला हसू येत होतं. मोकळ्या रस्त्याला लागलो तसा मालक बाजूला झाला आणि आम्ही नंदुरबारच्या दिशेने सुसाट निघालो.

गाडीत मी मोठ्याने दत्ताचा धावा सुरू केला. मृणालने रेवाला छातीशी धरलं होतं. ती हळूच म्हणाली, "आई, जरा थांबता? शिट्टी ऐकू येत नाहीये मला."

मी तोंड मिटलं. शिट्टी ऐकू आली. ती ऐकू येत होती तोवर पोर श्वास घेत होती. मग नंदुरबार येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. ना नवस, ना घासाघीस. देवाला द्यायला आता माझ्याकडे काही नव्हतं आणि मागायचं ते मागायलाही तोंड उघडायची सोय नव्हती. नुसती ऐकत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढे गप्प होते आणि खरं सांगते, त्या गप्प बसण्यात मला एकटं वाटलं नाही. कुणीतरी माझ्याइतकंच कान देऊन ती शिट्टी ऐकतंय, असं वाटत राहिलं.

दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई दाराशीच भेटल्या. सुट्टी घेऊन दोन्ही मुलींना यात्रेला न्यायला निघाल्या होत्या, गाडीची किल्ली हातात होती. मृणालचं बोलणं ऐकलं, रेवाच्या छातीला कान लावला आणि किल्ली नर्सच्या हातात देऊन त्या आत वळल्या. छातीचा फोटो काढला. भूल देऊन, बारीक दुर्बीण घालून मणी काढावा लागेल म्हणाल्या. पोरीला आत नेलं आणि दार लागलं.

बाहेर बाकावर त्यांच्या दोघी मुली नव्या फ्रॉकमध्ये हिरमुसून बसल्या होत्या. धाकटीने विचारलं, "आजी, तुम्ही घोडे बघितले?" मी त्यांना चांदणीची गोष्ट सांगायला लागले. बसल्या बसल्या हाताने घोडीचे पाय नाचवून दाखवले. दोघी खिदळल्या. माझे डोळे वाहत होते आणि हात नाचत होते.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, पोर वाचली. त्यांनी एका वाटीत तो निळा मणी दाखवला. "आजी, हरभरा किंवा शेंगदाणा असता तर आत फुगून बसला असता. याला आरपार भोक आहे. त्यातून हवा जात राहिली. ती शिट्टी त्या भोकाची." मग करड्या आवाजात म्हणाल्या, "आणि यापुढे पोरीच्या हातात-गळ्यात काहीही बांधायचं नाही." मी दोन्ही कान पकडले.

मृणाल मला एका शब्दानेही टाकून बोलली नाही. तिने टाकून बोलावं असं मलाच वाटत होतं. ती माझ्याजवळ येऊन बसली, खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या घरी सोडतील. जाताना गुळाची तुला करूनच जाऊ ना?"

रविवारी रेवा तराजूत बसली. दुसऱ्या पारड्यात गुळाच्या भेल्या चढत होत्या. पारडी जुळली न जुळली तोच बाईसाहेबांनी हात लांब करून गुळाचा खडा उचलला आणि तोंडात टाकला. "तोंडात काय! तोंडात काय!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो आणि रांगेतली माणसं पोट धरून हसली.

मणी मी चांदणीच्या मालकाला परत दिला. आभार मानायला गेले तर तो लाजला. म्हणाला, "माय, मन्ही घोडी नाचनी नही. देवनी नाचाडी तिले." आणि मणी पुन्हा तिच्या माळेत ओवून टाकला.

मी बांधला होता तो मणी. तो पडणार, तुटणार, पोर गिळणार, हे मला रोखता आलं नाही. मण्यातलं भोक मात्र माझं नव्हतं. आपण आपल्या अकलेने गाठी मारतो आणि श्वासापुरती वाट तो आधीच ठेवून असतो, एवढंच मला त्या दिवशी कळलं. कुणी योगायोग म्हणेल, म्हणो. मी वाद घालत नाही, आता तेवढी बोलतही नाही.

निघताना गाभाऱ्यासमोर उभी राहिले. मागणं सुचेना. आभार मानायलाही शब्द सुचेना. बाहेर ढोल, घंटा, घोड्यांचं खिंकाळणं, सगळा कल्लोळ चालला होता. मी रेवाला उचलून घेतलं आणि तिच्या छातीला कान लावला. आत शिट्टी नव्हती. तिचा श्वास आला, गेला, पुन्हा आला, आणि मी देवापुढे गप्प उभी राहून तो ऐकत राहिले.