सत्यभामाबाईंनी बाटली आडवी केली

आधीच सांगून टाकते, आम्ही प्यायचो. महिन्यातून एकदा, चौघीजणी, चहाच्या बशीतून वाईन. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. मला सत्यभामाबाईंची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना माझं डोकं अजून तापतं.

सत्यभामाबाई आमच्या साखरडोहच्या उपकेंद्रात नर्स. दारव्ह्याहून जीपनं अर्ध्या तासावरचं गाव. बावीस वर्षांत गावातली निम्मी लेकरं त्यांच्या हातावर जन्मली. नवरा लवकर गेला, मुलगा धम्मदीप अमरावतीला शिकायला. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, पंचशील म्हणायच्या. एकदा मी खवचटपणे विचारलं, "दारू न पिण्याच्या पाचव्या शिलाचं काय हो, बाई?"

"महिन्यातून एकदा मोडते, शोभाताई. मोडते हे मले माहीत हाये. लोकं चार मोडतात अन् त्यायले पत्ताबी नसते."

बाई अशा होत्या. खोटं बोलायचा आळस.

सुरुवात द्राक्षासवापासून झाली. माझ्या अशक्तपणावर त्यांनी ते सुचवलं. मी ती बाटली तळ्याच्या पाळीवर घेऊन गेले, सोबतीला बाई, चंदाबाई आणि कोकिळा होत्या, आणि औषध औषध म्हणत चौघींनी ती एका दुपारी संपवली. मग माझी भाची गुंजन नाशिकहून खरी वाईन घेऊन आली. आम्ही अडाणी! ती काढ्यासारखी गरम केली आणि वर दोन चमचे साखर घातली. गुंजननं कपाळाला हात लावला. पण आम्हाला गोडी लागली ती त्या दुपारीच. वाईनची कमी, दुपारची जास्त.

तेव्हापासून दर महिन्याला कुठंतरी जायचं ठरलं. एकदा केळापूरच्या देवीला, एकदा वणीला चंदाबाईच्या लेकीकडे, कुठंच नाही तर तळ्यावर. नवरा, सासू आणि कापसाचा भाव, या तीन गोष्टी काढायच्या नाहीत. त्या वर्षांत आमच्याकडं कापसाचा भाव सोडून बोलायचं म्हणजे कडक उपासच होता, पण आम्ही तो पाळला. चंदाबाई तांड्यावरची, बोलायला फटकळ, तिचा भाऊ प्रेमसिंग जीपवाला. कोकिळा आमच्यात सगळ्यात लहान, तिशीची. तिचा नवरा मारोती कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. घरी ही पोरगी मान वर करत नसे. पण तळ्यावर आली की तलाठ्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांच्या अशा नकला करायची की चंदाबाई पदरात तोंड खुपसून लोळायची.

बाटली यायची धनराजशेठकडून. गावात त्याचं देशी दारूचं सरकारमान्य दुकान. आमच्यासाठी तो यवतमाळहून वाईन मागवायचा. ती आणायला सत्यभामाबाई स्वतः जायच्या, भर दिवसा, समोरच्या दारानं. मी म्हटलं, मागच्या दारानं जा. तर म्हणाल्या, "मागच्या दारानं जायले मी काय चोरी करून राह्यली?"

एका साली बचत गटातल्या रुक्माबाईनं दुकान बंद करायच्या अर्जावर बायांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली. सत्यभामाबाईंनी सही केली नाही. "मी स्वतः पिते. दुसऱ्याची बाटली कोणत्या तोंडानं आडवी करू?" बाईंनीच सही केली नाही म्हटल्यावर बाकीच्याही मागं सरल्या. अर्ज तिथंच मेला. म्हणजे बघा, धनराजशेठचं दुकान त्या वर्षी वाचलं ते सत्यभामाबाईंमुळं. आणि त्या माणसानं काय केलं?

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, आणि रुक्माबाई उठून दुकानाबद्दल बोलायला लागली. धनराजशेठ हसत हसत उभा राहिला.

"बंद करा ना, माह्यी काय ना नाही. पण आधी ह्या चौघींले इचारा. दर महिन्याले माह्यापासून बाटली कोन नेते? नर्सबाई, शोभाबाई, चंदाबाई अन् मारोतीची कोकिळा. बाया पेतात ते चालते, मानसानं पेलं का पाप!"

पटांगण खदखदून हसलं. चंदाबाई ताडकन उठली. "हो, पेतो! तुह्या बापाची पेतो का?" सत्यभामाबाई नुसत्या म्हणाल्या, "खरं हाये." आणि मी? लाज वाटते सांगायला. माझा नवरा नरहर, तहसील ऑफिसातला क्लार्क, समोर घाम पुसत बसला होता. मी म्हणाले, "मी बाई फक्त द्राक्षासव घेते." झालं. मी सुटले. चौघीतली एक औषधवाली निघाली म्हटल्यावर उरलेल्या तिघी दारूड्या ठरल्या.

त्या दिवशी ड्राय डे होता, तरी मारोतीच्या तोंडाला वास होता. धनराजशेठचं मागचं दार कधी बंद नसायचं. त्यानं सगळ्या गावादेखत कोकिळेच्या केसांना धरलं आणि तिला ओढत घरी नेलं. ज्याच्या गुत्त्यावर हा सकाळपासून बसला होता, त्याच्याच शब्दावर यानं बायकोला मारलं. कुणी मधे पडलं नाही. मीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी बाई लसीकरणाच्या निमित्तानं तिच्या घरात शिरल्या. डाव्या कानातून रक्त वाहून मानेवर वाळलं होतं. तिला यवतमाळला नेलं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, आतली नसही गेलीय, या कानाची आशा सोडा. कसं झालं विचारलं तेव्हा कोकिळेनं बाईंपुढं हात जोडले आणि डॉक्टरांना सांगितलं, "पाय घसरला."

परत आल्यावर सत्यभामाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा घेतला नाही.

"मारोतीले आज ठाण्यात नेलं तर कोकिळाच उद्या त्याले सोडवून आनन. त्याचा नंबर मंग. पह्यले शेठ. त्याचं दुकान आडवं केल्याबिगर मी ह्या गावातून बदली घेनार नाही."

"पण बाई, तुम्ही तर म्हणायचात की—"

"म्हनत होती. आता नाही म्हनत. हे दारूबंदी नोहे, शोभाताई. हा बदला हाये. तुमाले यायचं असन तर या. द्राक्षासव पेऊन या."

तो टोमणा मला मिळायलाच हवा होता. मी गेले.

हे प्रकरण ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावातल्या पाव हिस्सा बायांनी सह्या केल्या की सरकार मतदान घेतं. फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर म्हणजे बंद. पण मेख पुढं आहे. गावात जितक्या बाया मतदार, त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडायला हवेत. जी आली नाही तिचं मत आपोआप शेठच्या पारड्यात.

सह्या दोन महिन्यांत झाल्या, मतदानाची तारीख लागायला आणखी सहा गेले. ज्या घरात रुक्माबाईला पाणी विचारत नसत, तिथं सत्यभामाबाईंना पाट मिळायचा. कोण कधी बाळंत झाली, कुणाचा नवरा कधी कुठं पडला होता, सगळं बाईंना तोंडपाठ. त्या उपदेश करायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "कोकिळेचा कान पाह्यला का?" मी त्यांच्या मागं कागद घेऊन उभी. घरी नरहर रोज म्हणायचा, "अगं, माझी बदली होईल." मी म्हटलं, होऊ दे, डबा करून देते.

धनराजशेठ काही दूधखुळा नव्हता. आधी त्यानं साड्या वाटल्या. बायांनी त्या घेतल्या, नेसल्या, आणि शब्द काही दिला नाही. मग त्यानं डोकं लावलं. मतदानाच्या दिवशीच त्यानं बायांसाठी केळापूरच्या देवीची फुकट सहल काढली. आठ जीपा, वाटेत नाश्ता, दुपारी जेवण. पहाटे न्यायचं आणि अंधार पडल्यावर आणायचं. मतदान पाच वाजता संपणार. शंभरेक बाया गावाबाहेर म्हणजे त्याचं काम फत्ते.

मी धावत बाईंकडे गेले. वाटलं, आता जीपा अडवायला रस्त्यात बसावं लागणार. तर बाई गालात हसत होत्या.

"काहून अडवता? जाऊ द्या. बायायले फुकटात देवी भेटून राह्यली. जीपा कोनाच्या हायेत?"

"प्रेमसिंगनं ठेका घेतलाय."

"त्याले ठेका घ्यायले कोनं लावलं?"

चंदाबाई कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होती. तिनं मान वर केली नाही, पण खांदे हलत होते. या बयांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं! द्राक्षासववालीवर अजून भरवसा नव्हता.

मतदानाच्या दिवशी मारोतीनं स्वतः कोकिळेला जीपमध्ये बसवलं. शेठचा हुकूम होता. मी मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. आठ महिन्यांनी ती घराबाहेर पडली होती. दिग्रस मागं पडेपर्यंत ती बाहेरची शेतं बघत राहिली. मग एकाएकी शेठच्या आवाजात म्हणाली, "बाया पेतात ते चालते!" तसाच हात, तसंच पोट पुढं. अख्खी जीप हसली. मी हसता हसता रडायला लागले आणि तिला म्हटलं, "मला माफ कर गं. मी त्या दिवशी खोटं बोलले." ती म्हणाली, "मीबी बोलली, ताई. दवाखान्यात."

केळापूरला दर्शन झालं, शेठच्या पैशाचं वरण-भात-वांगं पोटभर खाल्लं, आणि बाराच्या ठोक्याला प्रेमसिंगनं शिट्टी मारली. शेठचा माणूस पहिल्या जीपपुढं आडवा झाला. "संध्याकायपर्यंत थांबाचं ठरलं हाये!"

"डिझेल संपून राह्यलं, मालक," प्रेमसिंग म्हणाला. "जे हाये ते गावापर्यंतच पुरन."

सव्वातीनला आठ जीपा थेट शाळेच्या फाटकासमोर उभ्या राहिल्या. शेठ समोरच्या पानठेल्यावर होता. एकेक बाई उतरत गेली, शेठनंच दिलेल्या साडीत, कपाळाला देवीचं कुंकू, आणि रांगेत लागत गेली. त्याच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. चंदाबाई त्याच्या समोरून जाताना थांबली. "जेवन झकास होतं, शेठ. वांग्यात मीठ थोडं कमी होतं." मी जन्मात इतकी सुखावले नव्हते.

अकराशे बारा बाया मतदार, सहाशे एकोणीस शिक्के आडव्या बाटलीवर. चार दिवसांनी दुकानाला सील लागलं. धनराजशेठ सत्यभामाबाईंच्या दारात आला. "बाई, माह्यं पोट मारलं तुमी. मी तं ग्रामसभेत खरंच बोललो होतो."

"खरं बोलले. पन कायले बोलले? तुमचं दुकान वाचवाले. आता बसा." दार लावून घेतलं.

मग सत्कार. शाळेच्या पटांगणात मंडप, तालुक्याहून पाहुणे, शाल, नारळ. एक पाहुणे पंधरा मिनिटं बोलले. बाई दारूला आयुष्यात शिवल्या नाहीत म्हणून हा लढा जिंकल्या म्हणे! सत्यभामाबाईंनी माईक हातात घेतला.

"मी पिते. महिन्यातून एकदा. हे पाहुन्यायले कोनं सांगतलं नसन. मी दारूबंदीवाली नोहे. ह्या गावानं हासत हासत एका पोरीचा कान फोडला, त्याचा मी बदला घेतला. निम्मा झाला. निम्मा बाकी हाये."

टाळ्या वाजायच्या बंद झाल्या. बाईंनी पुढच्या ओळीकडे पाहिलं. तिथं मारोती बसला होता, नव्या सदऱ्यात, गाव दारूमुक्त झाल्याच्या आनंदात टाळ्या पिटायला आलेला.

"मारोती, तुह्यासाठी मतदान नाही लागत. एका बाईनं खरं सांगतलं तरी पुरते. ती सांगो का न सांगो, तिची मर्जी. मी उद्या दहाच्या जीपनं दारव्ह्याच्या ठाण्यात चालली."

मारोती उठला. बायांकडे वळून ओरडला, "कोकिळे, चाल घरी!"

कोकिळा उठली. सगळ्या पटांगणाची मान तिच्याकडे वळली, ऑगस्टात वळली होती तशीच, फक्त या वेळी कुणी हसत नव्हतं. ती मारोतीच्या शेजारून गेली आणि स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. बाईंनी माईक तिच्यापुढं धरला.

"पाय नोहता घसरला," ती म्हणाली. "यानं मारलं."