जळकोटच्या बाकावरची काकू

काकूनं नुसतं बाकावर टेकायचा अवकाश, की अनोळखी बाईशी गप्पा. "का वं माय, कुठली गाडी?" एवढ्यावर सुरुवात व्हायची आणि पाच मिनिटांत त्या बाईचं माहेर, सासर, लेकरं, पाठदुखी, सगळं हिला पाठ. घरात आम्ही तिला 'चौकशी खिडकी' म्हणायचो. तिला त्याचा राग येत नसे.

मी लातूरला खोली घेऊन शिकत होते. दर गुरुवारी काकू औशाहून बीपीच्या गोळ्या न्यायला यायची. गोळ्या औशातही मिळत होत्या. धपाट्यांचा डबा माझ्या हातात द्यायची आणि मला घेऊन स्टँडवर जायची. बसायची मात्र जळकोटची गाडी लागते तिथल्या बाकावर. येणारे-जाणारे बघत, आणि ही परक्या बाईचं पोर मांडीवर घेऊन बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बोलणं कुठूनही निघो, शेवटी एकाच जागी यायचं. "लेकराला सुई दिली का? तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा हात कसा हाय?"

"लई हलका हाय. लेकरू रडतबी न्हाई," बाई सांगायची.

मग काकू उगाच पदर सारखा करायची. कधी विचारायची, "वाळलीय का वं ती?" कधी, "जेवायला घरी जाती का तिथंच खाती?" गाडी सुटली की आम्ही औशाच्या गाडीकडे वळायचो.

जळकोटच्या दवाखान्यातली ती सिस्टर म्हणजे काकूची लेक, सुनीता. तिनं बौद्ध मुलाशी लग्न केलं म्हणून काकांनी तिचं नाव टाकलं. तेवढ्यावर त्यांचं भागलं नाही. थोरल्या लेकाच्या, दिगूच्या डोक्यावर काकूचा हात ठेवून त्यांनी शपथ घ्यायला लावली, की पोरीशी जन्मात बोलणार नाही. सुनीताताईला हे माहीत होतं. आपण समोर आलो तर आईला बोलल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून तीही कधी आली नाही. नऊ वर्षं.

एकदा मी चिडून म्हणाले, "असल्या शपथांनी काही होत नसतं, काकू. मी फोन लावते, तू बोल."

"होत नसंलबी," ती म्हणाली. "पर दिगूला साधा ताप आला तरी मला वाटंल, म्याच आणला." मग जरा हसून म्हणाली, "आन मी तिच्याशी कुठं बोलती? मी तर बायांशी बोलती."

यंदाच्या उन्हाळ्यात एका सोमवारी काकूला दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाईन लावायला एक कोवळी नर्स आली. "माहेर कुठलं, माय?" काकूनं विचारलं. पोरगी म्हणाली, "रेणापूर." काकूनं तिचा हात बराच वेळ सोडलाच नाही. "तुझाबी हात हलका हाय," म्हणाली. बुधवारी सकाळी काकू गेली.

काका म्हणाले, "तिकडं कळवायचं न्हाई." आणि मी, शपथेला हसणारी, शिकलेली पोरगी, मान खाली घालून बसले. स्टँडवर काकूची लाज वाटायची, ती फुकटच. लाज वाटावी असं मी त्या दिवशी केलं. शुक्रवारी मात्र राहवेना. सुनीताताईच्या दवाखान्यात फोन लावला. ती फोनवर आली, पण माझ्या तोंडून नुसतं "ताई..." निघालं.

"कधी गेली?" तिनंच विचारलं.

मी सांगितलं. तुला कसं कळलं, असंही विचारलं.

"दर गुरुवारी लातूरहून आलेल्या बाया गाडीतून उतरल्या की आधी माझ्याकडं येतात," ती म्हणाली. "तुमची चौकशी करणारी बाई भेटली होती, म्हणून सांगतात. काल तिघी आल्या. तिघी म्हणाल्या, बाक रिकामा होता."