उम्म फरहातचं झाड आधी

नबाविया पहिल्यांदा गावाच्या नजरेत भरली ती भर दुपारी, कालव्याच्या बांधावर, गिम्मेझच्या झाडाखाली मान वर करून उभी असताना. झाडावर तिचा नवरा मेतवल्ली होता. झाड मात्र उम्म फरहातचं, म्हणजे फरहातच्या आईचं होतं, आणि उम्म फरहात विधवा होती. हसरी, अजून देखणी.

गिम्मेझ ही उंबराचीच बहीण. पण नाईलकाठी ती आपणहून धड पिकत नाही. एकेका हिरव्या फळाला पात्याने चीर द्यावी लागते, मग तीन-चार दिवसांत ते फुगून गोड होतं. हे काम मेतवल्लीच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. गावात आता दोनच झाडं उरली होती: एक बांधावर, एक त्याच्या अंगणात. दर बहराला तो बांधावरचं आधी चिरायचा. ते उन्हात आहे, त्याचं फळ आधी तयार होतं, असं तो सांगायचा. नबावियाला हे कधी पटलं नाही.

"तिथे चहात चार चमचे साखर लागते म्हणे तुम्हाला," ती म्हणाली. "घरी दोनात भागतं."

"घरी गोड बोलायला तू आहेस ना," मेतवल्ली म्हणाला.

झालं. यंदा पहिली टोपली आपल्याच अंगणातून निघेल, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो गिरणीवर गेल्यावर तिने झगा खोचला, पातं घेतलं आणि झाडावर चढून दिसेल ते फळ चिरलं. फळं जेमतेम बोराएवढी होती.

ती पिकली नाहीतच. सुरकुतून अंगणभर गळली. बाजारात फक्त उम्म फरहातची टोपली गेली, आणि वर तिने पानांनी झाकून एक ताटली शेजारधर्म म्हणून पाठवली. नबावियाने ती शेळीपुढे ठेवली.

मेतवल्लीने गळलेली फळं झाडून काढली. पुढचा बहर आला तेव्हा तो तिला फांदीखाली घेऊन गेला.

"अंगठ्याच्या पेराएवढं झाल्याशिवाय हात लावायचा नाही," तो म्हणाला, आणि लेकाच्या नावाने तिला हाक मारली. "रागाने फळ पिकत नाही, उम्म शौकी."

ती शिकली, आणि झपाट्याने शिकली. कशासाठी, ते गावाने ओळखलं.

मेतवल्लीचे गुडघे अजून धड आहेत. तरी बांधावरच्या झाडावर आता नबावियाच चढते, तिथला चहाही तीच पिते, आणि नवरा घरी शेळी सांभाळतो.