नानांच्या लाल चिंध्या

कारखान्यात शिरल्यावर सुकदेव नाना आधी चहा नाकारत आणि मग मालकाकडे दहा मिनिटं मागत. "बठ्ठं बंद करा भाऊ. फक्त बॉयलर चालू राहू द्या." पट्टे थांबायचे, पंखे थांबायचे, कामगार हात पुसत भिंतीला टेकायचे. त्या शांततेत नाना डोळे मिटून उभे राहत. हळूहळू छपराखालून, भिंतीमागून, पाइपांच्या जोडांतून सूं-सूं आवाज ऐकू येऊ लागे. "आइक," ते मला म्हणत, "जळेल कोळसा बोली राहिना." म्हणजे जळालेला कोळसा बोलतोय. मग खिशातून लाल चिंध्या काढत आणि वाफ निसटते तिथे तिथे एकेक बांधत जात. वारलेल्या बायकोचं जुनं लुगडं फाडून त्यांनी त्या केल्या होत्या.

मी कारखान्यांना नेट झीरोचे आराखडे करून देतो. आज किती कार्बन हवेत जातो ते मोजायचं आणि तो वर्षावर्षाने शून्यावर कसा आणायचा ते लिहून द्यायचं. परदेशातलं गिऱ्हाईक हल्ली असा कागद मागतं, म्हणून जळगाव-धुळ्यात माझं बरं चाललं आहे. मी हे संगणकावर शिकलो. नाना धुळ्याच्या एका बंद पडलेल्या गिरणीत उभा जन्म बॉयलरपाशी राहिलेले. जळगावच्या पिंप्राळ्यात दोन खोल्यांत एकटे राहत, जुन्या स्कूटरवरून माझ्या ऑफिसात कामाला येत आणि माझ्या पडद्याकडे बघून म्हणत, "तुझ्या तक्त्यात सगळं शे रे. फक्त कारखाना नही."

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं पोळून गुळगुळीत झाली होती. विचारलं तर सांगत, "पांढरं दिसतं ना, ती वाफ नाही, ते पाणी. वाफ त्याच्या अलीकडे असते. दिसत नाही. म्हणून तिथेच हात जातो माणसाचा."

कांदा वाळवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आमच्याकडे आला. तिथे नानांच्या चिंध्या कमी पडल्या. रुमाल फाडावा लागला. तीन दिवस त्यांनी सगळी लाइन पायाखाली घातली, मग मला आराखडा सांगितला. आधी गळती बंद. पाइपांना जाड वेष्टन. वापरलेलं गरम पाणी परत बॉयलरमध्ये. आत घ्यायची हवा आधी उन्हावर तापवायची. मग कोळसा सोडून कपाशीच्या काड्यांचं इंधन. "आठ वर्षं लागतील," म्हणाले. "उरेल तेवढ्या कार्बनपुरतीच झाडं लावायची. आधी नही."

मालकाला आठ वर्षं नको होती. त्याला महिनाअखेर कागद हवा होता. "तुम्ही झाडं दाखवा ना, भाऊ. पिंपळनेरकडे डोंगराचा एक उतार बघून ठेवलाय आम्ही." मी झाडं दाखवली, कारखान्याचा सगळा कार्बन ती शोषतील असं. त्या मालकाच्या ओळखीचे आणखी तीन कारखाने माझ्याकडे येणार होते आणि मला ते हवे होते. याहून मोठं कारण नव्हतं.

असा कागद मिळवायच्या अर्जाखाली दोन सह्या लागत. एक माझी, दुसरी तांत्रिक तपासणी करणाऱ्याची. नानांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हाऊ कागद मना नही शे. माझा नाही हा." नि निघून गेले. त्यांची सही माझ्या संगणकात होती, कधीतरी दौऱ्याच्या कागदांसाठी घेतलेली. मी ती तिथून उचलून अर्जावर चिकटवली. त्या दिवशी दुपारी मी नीट जेवलो, हेही लिहायला हवं.

नाना मूळचे पिंपळनेरजवळचेच. त्यांची धाकटी बहीण, यशोदाअक्का, अजून तिथे त्या उताराच्या खालच्या गावात राहते. हे मला माहीत होतं, पण सही चिकटवताना आठवलं नाही. मालकाच्या माणसांना मात्र ते कामी आलं. गावात कागद फिरवून त्यांनी सांगितलं, "तुमच्या सुकदेव नानांनी तपासलंय." त्या नावावर गावाने आपला चराईचा उतार दिला. तारेचं कुंपण झालं, रोपं लागली, फोटो निघाले, नानांच्या नावासकट बोर्ड लागला. उन्हाळ्यात रोपं जळून गेली. कुंपण राहिलं. अक्काने आठ शेळ्या विकल्या.

एका लग्नासाठी नाना गावी गेले तेव्हा त्यांना हे कळलं. परत येऊन ते माझ्यासमोर बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तूच करी ना?"

मी मान हलवली. आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुम्ही सांगितलं का तिथे?"

नाना म्हणाले, "नाही सांगितलं. सही मनी नही म्हटलं तर इचारतीन, मंग कोणी करी? तुझं नाव घ्यावं लागलं असतं." मग म्हणाले, "यशोदा पंगतीत मले वाढाले बी उनी नही. तू जाऊन तिले सांग. मनं ती आइकाव नही. तू सांग."

"सांगतो नाना," मी म्हणालो.

त्यानंतर ते कामावर आले नाहीत. दर श्रावणात, राखी पौर्णिमेच्या आधी, त्यांचा फोन येई. ओरडणं नाही, आठवण करून देणंही नाही, नुसता प्रश्न. "पिंपळनेरले गयथा का रे?" मी म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात नक्की." "बरं," म्हणून ते फोन ठेवत. असे तीन फोन आले. चौथ्या श्रावणाआधीच नाना छातीच्या दुखण्याने गेले. अंत्ययात्रेला गावचं कोणीच आलं नाही.

त्यानंतर कांद्याच्या कारखान्यात गेलो होतो. कागदाची मुदत संपली होती, नवा करायचा होता. जेवणाची सुट्टी झाली, पट्टे थांबले आणि सूं-सूं सुरू झालं. वर पाहिलं. चिंध्या जागच्या जागी होत्या. काजळीने काळ्या पडल्या होत्या, पण वाफेवर हलत होत्या. एकही जोड कोणी बदलला नव्हता. ऑफिसच्या भिंतीवर आमचा आराखडा चौकटीत लावलेला. मी नवा कागदही करून दिला. झाडांचाच.

मग एकदाचा पिंपळनेरला गेलो. अक्का ओट्यावर शेंगा सोलत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सही कोणी केली, नाना का गप्प राहिले, मी तीन वर्षं काय केलं. वाटलं होतं, शिव्या देईल. ती शेंगा सोलत राहिली. समोर कुंपणापलीकडे उतार उघडाबोडका दिसत होता.

मग म्हणाली, "तीन वरीस मी त्याले राखी नही बांधी, भाऊ."

बोलताना ती माझ्या हाताकडे बघत होती. त्या श्रावणात माझ्या बहिणीने बांधलेला राखीचा दोरा मनगटावर अजून होता. मी बाही खाली ओढली.