उणे एक पंचमांश सेकंद

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या घरी गच्चीवर होतो. टाकीत पट्टी बुडवून पाणी मोजत होतो. बोलणं संपलं आणि आकडाच आठवेना… पट्टी पुन्हा बुडवली आणि नुसताच उभा राहिलो.

त्याला तीन आठवडे झाले. मधुभाऊ माझे थोरले भाऊ. सौंदडला धानाची शेती करायचे. शिकले बारावीपर्यंत, पण बीजगणित सुटलं नाही. छपराचा उतार पाहिला तरी आधी काटकोन शोधायचे. या दिवाळीत माझी मुलगी प्राची सौंदडला आली ती रुसूनच. लहानपणापासून इंजिनिअर व्हायचं म्हणणारी पोरगी अकरावीच्या चाचणीत गणितात नापास झाली होती. गणित सोडण्याचा अर्ज तिनं लिहिला होता. मी सहीही केली होती.

भाऊ तिला शेतात घेऊन गेले, मीही मागून गेलो. पिकल्या धानावर पोपट उतरत होते. भाऊ मचाणावर चढले, गोफण फिरवली. गोटा उन्हात वर गेला, दिसेनासा झाला आणि दूर कुठंतरी पडला… हिरवा थवा उठला.

"समज, गोटा सेकंदाला पन्नास मीटरनं निघाला. हा झाला कर्ण. अठ्ठेचाळीस पुढं, तर वर किती?"

"चौदा," प्राची म्हणाली. गुरुत्वाचे दहा धरून तिनं वहीत उत्तर काढलं, "दोन पूर्णांक आठ सेकंदांनी पडेल."

"मी काय चिखलात उभा हावो काय वो? हात तीन मीटरवर हाये माहा!"

ती हसली. समीकरण पुन्हा मांडलं. दोन उत्तरं आली : तीन, आणि उणे एक पंचमांश. तिनं उणे खोडायला घेतलं.

"काऊन खोडून राहिली? तोच गोटा याच वाटेनं जमिनीतून आला असता, तर माह्या हातात यायच्या एक पंचमांश सेकंद आधी निघाला असता."

"पण भाऊ, तो निघालाच नव्हता," मी म्हणालो.

"तू हिशेबी माणूस. तुले आधीचं काही दिसतच नाही."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता ते डोक्यातून जात नाही. गेलेल्या माणसाची वाटही अशी मागं नेता येते. किती मागं, ते मात्र मला मांडता येत नाही…

सुट्टी संपली. प्राचीनं अर्ज दिला नाही, फाडलाही नाही. भाऊ गेल्यावर घरी वंदना घेऊन पुण्यानुमोदन केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजातून अर्जाबद्दल विचारणा झाली. संध्याकाळी पाहिलं, तर अर्ज उलटा करून कोऱ्या बाजूवर ती गणित सोडवत होती. माझी सही पलीकडून उमटलेली दिसत होती.

गणित अडलं की भाऊ डोळे मिटून हवेत बोट फिरवायचे. हल्ली ती जेवता जेवता तसंच करते. बोट वर जातं, वळतं, हळूहळू खाली येतं. भात निवतो. बायको तिला हाक मारायला लागते आणि मी खुणेनं थांबवतो.